निवांत समुद्र, थंड पाणी: पिंजऱ्यातल्या जिताड्याचं एक प्रकरण

दक्षिण कोकणातल्या एका गावची ही हकिगत. गावाचं, गटाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. मी या गटाचा सल्लागार होतो आणि यातली पहिली चूक माझीच होती, त्यामुळे लिहायची जबाबदारीही माझ्यावरच येते.

पार्श्वभूमी

गटात अकरा जण, त्यातल्या चार बायका. खाडीच्या तोंडाच्या आत त्यांचे जिताड्याचे पाच पिंजरे होते. (गोव्यात याच माशाला चोणक म्हणतात.) जूनमध्ये बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती आणि गणपतीपर्यंत बहुतेक मासे पाव किलोच्या पुढे गेले होते. जिताड्याला गोडं पाणी चालतं, त्यामुळे पावसाळ्यात खाडी गोडी झाली म्हणून काही बिघडलं नव्हतं. खरा त्रास गाळाचा आणि पुरासोबत येणाऱ्या ओंडक्यांचा. शिवाय मासे मोठे झाले की त्याच पिंजऱ्यात दाटी होते.

खाडीबाहेर डोंगराच्या आडोशाला एक लहानसं बंदर आहे. तिथे ओहोटीलाही नऊ मीटर पाणी असतं. ऑक्टोबर संपता संपता पिंजरे तिथे ओढून न्यायचे, असं आधी ठरलं होतं. नाताळात हॉटेलवाले किलोचा मासा चांगल्या भावाने उचलतात. मात्र त्या वजनाला पोचायचं तर एक महिना आधी मोकळ्या पाण्यात गेलेलं बरं, असा गटाचा हिशोब झाला.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या सुमारास समुद्र तळ्यासारखा पडला होता. पाऊस ओसरलेला, लाटा गुडघ्याएवढ्या, पाणी निवळलेलं. गटाचे प्रमुख तात्या मला म्हणाले, "सर, आता थांबून काय करायचं?"

पहिला निर्णय: पिंजरे कधी हलवायचे

तीन पर्याय होते. लगेच हलवायचे, दिवाळीपर्यंत थांबायचं, किंवा चाचणी म्हणून एकच पिंजरा बाहेर न्यायचा आणि पंधरा दिवस बघायचं. तिसरा पर्याय एका ताईंनी सुचवला होता. तो मागे पडला, कारण बाहेर एक पिंजरा असला काय आणि पाच असले काय, राखणीला होडी आणि दोन माणसं रोज लागणारच होती.

निर्णयाआधी मी बंदरात जाऊन पाणी तपासलं. लाटांचा अंदाज पाहिला, तो उत्तम होता. खारटपणा थोडा कमी, पण चालण्यासारखा. तापमान २८ अंश. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ६ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे मासा खूश. मी होकार दिला.

आता यातली मेख. माझ्या डीओ (ऑक्सिजन मोजायच्या) मीटरची केबल चार मीटरची होती आणि त्यातली मी दीडच मीटर पाण्यात सोडली होती. वेळ सकाळी अकराची. ऊन चढलेलं असताना वरच्या पाण्यातले हिरवे प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) भराभर ऑक्सिजन सोडत असतात. नऊ मीटर खोल बंदराची मी फक्त साय चाखली आणि खाली दूध नासलंय की नाही ते पाहिलंच नाही. पिंजऱ्यांची जाळी चार मीटर खोल जाणार होती, हे ठाऊक असूनही.

अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी, उधाणाच्या ओहोटीवर पाचही पिंजरे बाहेर आले.

अडचण

पहिले दोन-तीन दिवस झकास गेले. मग वारा फिरला. वादळ वगैरे काही नव्हतं, वायव्येकडून सलग वाहणारा, ताशी वीस-बावीस किलोमीटरचा वारा होता. रात्री थोडा मंदावायचा, पण थांबायचा नाही. आडोशामुळे बंदरात त्याचा त्रास नव्हता. उलट उकाडा कमी झाला म्हणून राखणदार खूश होते.

वाऱ्याच्या चौथ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर जत्रा भरली. कोळंबी अगदी काठाला येऊन साचली होती. पोरं पाग घेऊन धावली, कुणी परातीने कोळंबी उपसत होतं. लेप मासे वाळूला चिकटून पडलेले, हाताने उचलावेत असे. कुर्ल्या पाण्यातून वर येऊन खडकांवर बसलेल्या. जुन्या लोकांतले निम्मे म्हणाले, दर्यानं दान दिलंय. मासे विकणाऱ्या एक मावशी मात्र टोपलीला हात न लावता उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फुकट येता म्हणजे खाली कायतरी चुकला हा. पाणी बरा दिसणा नाय."

त्याच सकाळी राखणदाराचा फोन आला. मासे खाद्य घेत नव्हते. सगळे जाळीच्या वरच्या हातभर पाण्यात गोळा झाले होते आणि तोंडं वर काढत होते. राखणदार पाण्यात उतरला तेव्हा छातीपर्यंत ठीक, पण पाय सोडले की पोटऱ्यांना गार लागत होतं. कोकणात सप्टेंबरअखेरीला समुद्र गार लागतो, ही बातमी होती. त्याने ती मला आदल्या दिवशीही सांगितली होती. मी म्हणालो होतो, पावसाचं पाणी असेल. पावसाचं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं, खाली नसतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आलोय.

समोर काय पर्याय होते

दुपारी बारापर्यंत मी पोचलो. या वेळी केबल पूर्ण सोडली. दीड मीटरला ऑक्सिजन साडेतीनच्या आसपास, चार मीटरला दोनच्या खाली. तळाचं पाणी बाटलीने काढून मोजलं तर एकच्याही खाली, आणि तापमान साडेतेवीस. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. बाटलीचं बूच उघडल्यावर कुजक्या अंड्याचा अगदी पुसट वास आला. मला तरी आला. तात्या म्हणाले, नाही येत.

होडीतच वाद पेटला. दोघांचं म्हणणं होतं की खाद्याची नवी गोणी खराब निघाली. एकाने रोगाची शंका काढली, औषध घालायचं म्हणाला. मी पाण्याबद्दल सांगत होतो, पण आठवड्याभरापूर्वी हेच पाणी उत्तम आहे म्हणणारा माणूसही मीच होतो, त्यामुळे माझ्या शब्दाला किती वजन असणार ते दिसतच होतं.

औषध मी ठामपणे नाकारलं. उरले ते मार्ग असे. खाद्य बंद करायचं, म्हणजे पचनाला लागणारा ऑक्सिजन वाचतो. जाळ्यांचे तळ वर ओढायचे, म्हणजे मासा वरच्या बऱ्या पाण्यात राहतो, पण दाटी दुप्पट होते. पिंजरे परत खाडीत ओढायचे. किंवा काढून विकून टाकायचे. हवा मारायचा पंप होता, पण मोकळ्या समुद्रात एका पिंजऱ्यात बुडबुडे सोडायचे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरायचं.

ओढून नेण्यात अडचण भरतीची होती. पिंजरे बाहेर आणले ते उधाणाच्या जोरावर, आणि आता अष्टमी, म्हणजे भांगाचे दिवस. भरतीला जोरच नव्हता. जोरात ओढावं तर जाळी पाठीमागे फुगून मासे तिला दाबले जातात, हळू ओढावं तर अंधाराआधी दोनच पिंजरे आत जातात. आणि अंधार महत्त्वाचा होता. रात्री प्लवंगही ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट खातात. मासे मरतात ते पहाटे.

काय केलं

संध्याकाळच्या भरतीवर दोन पिंजरे खाडीत ओढले. सर्वांत मोठे मासे असलेला तिसरा पिंजरा तिथेच रिकामा करून बर्फात घातला. चौथ्याचा तळ दोन मीटरपर्यंत वर घेतला. पाचव्याचा घेता आला नाही. तळाच्या वजनांची दोरी कडीत अडकली होती आणि तिच्यावर शिंपल्यांचा एवढा थर चढला होता की ती सरकेना. सुरीने शिंपल्या खरवडता खरवडता एकाचा अंगठा कापला आणि काळोख पडला.

कोणता पिंजरा आधी ओढायचा, हे आम्ही शांतपणे ठरवलं नाही. जे टोकाला बांधलेले होते ते सोडायला सोपे, म्हणून ते गेले. नंतर मोजलं तेव्हा त्यातल्या एकात सर्वांत लहान आणि सर्वांत कमी मासे होते.

परिणाम

पाचवा पिंजरा पहाटेपर्यंत संपला. चौथ्यातले साधारण एक तृतीयांश मेले. खाडीत नेलेल्या दोन्हींत तुरळक मर झाली, तीही बहुधा ओढण्याच्या ताणाने. काढून विकलेला मासा अर्धा किलोच्याही आत होता आणि नवरात्र तोंडावर आलेलं, त्यामुळे मिळालेल्या भावात खाद्याचा खर्च कसाबसा निघाला.

तीन दिवसांनी वारा पडला. आठवड्याभरात बंदराचं पाणी पुन्हा तळापर्यंत सत्तावीस अंशांवर आलं, जणू काही घडलंच नव्हतं.

समुद्रात नेमकं काय झालं

हा भाग मी गटाला तीन बैठकांत समजावला. इथे सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

वारा ज्या दिशेला जातो त्याच दिशेला पाणीही जातं, अशी आपली सहज समजूत असते. मोठ्या पाण्यात तसं होत नाही. नॉर्वेचा संशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत ‘फ्राम’ जहाजातून आर्क्टिकच्या बर्फात वाहत होता. तेव्हा त्याला दिसलं की बर्फ वाऱ्याच्या रेषेत न सरकता तिच्या उजवीकडे सरकतो. एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचं गणित मांडलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर, एकूण धरला तर, वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जातो.

आता कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहा. किनारा उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे उतरतो. वायव्येचा वारा म्हणजे जवळजवळ किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा. त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला सह्याद्री आणि उजव्या हाताला अरबी समुद्र. वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा भरायला डोंगरातून पाणी येणार नाही, ते खालूनच येतं. उत्सरण म्हणतात ते हेच.

हे किती मोठं असतं? ताशी वीस-बावीस किलोमीटरचा वारा किनाऱ्याला समांतर राहिला, तर आपल्या अक्षांशावर किनाऱ्याच्या दर मीटरमागे सेकंदाला एक घनमीटरहून थोडं जास्त पाणी बाहेर जातं. तेवढंच पाणी पंधरा मीटर जाडीच्या खालच्या थरातून आत येतं असं धरलं, तर तळाचं पाणी दिवसाला सहा-सात किलोमीटर किनाऱ्याकडे सरकतं. हा कागदी हिशोब आहे, प्रत्यक्षात निम्मा धरा. तरीही चार दिवसांत बारा-चौदा किलोमीटर होतात.

यात वेळेचं एक बंधन आहे आणि ते माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी ज्ञान. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम पाण्यावर पुरता उतरायला अवधी लागतो. आपल्या अक्षांशावर ते चक्र सुमारे ४३ तासांचं आहे. दुपारी सुटणारा आणि रात्री पडणारा खारा वारा, मग पहाटेचा मतलई, यांच्या येण्याजाण्याने असं उत्सरण उभं राहत नाही. दोन-तीन दिवस सलग एकाच दिशेने वाहिलेला मध्यम वारा ते करतो. लाटा मोठ्या असण्याची गरज नाही, म्हणून लाटांचा अंदाज बघून काहीच कळत नाही.

बंदर तर नऊच मीटर खोल. तिथे एकमनचं गणित चालत नाही, कारण तळाचं घर्षण पाण्याला वळू देत नाही, ते जवळपास वाऱ्याबरोबरच वाहतं. पण थंड पाण्याला शेवटपर्यंत गणिताची गरजही नसते. ते खडपाच्या बाहेर, पंधरा-वीस मीटर खोलीपर्यंत आलं की पुढचं काम भरती करते. भांगात पाणी कमी घुसळतं, त्यामुळे आत शिरलेला थर मोडत नाही. आमच्या नशिबी दोन्ही एकाच वेळी आलं.

पण वायव्येचा वारा हे फक्त शेवटचं बोट होतं. भिंत आधीच कललेली होती. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि उत्सरण केरळपासून सुरू होऊन हळूहळू उत्तरेला चढतं. कोकणात पावसाळी वारा बराचसा थेट किनाऱ्यावर येतो, त्याचा समांतर भाग थोडा असतो, मग एवढं उत्सरण कसं होतं? कारण आपल्या पाण्याला ढकलणारा वारा नेहमी आपल्याच डोक्यावरचा नसतो. बंगालच्या उपसागरावर आणि भारताच्या दक्षिण टोकाशी वारा जे करतो त्याची लहर किनारा उजव्या हाताला धरून, दिवसाला साधारण दोनशे किलोमीटरच्या वेगाने, वळसा घालून आपल्याकडे येते. तिने सप्टेंबरपर्यंत थंड पाण्याचा थर उथळ मंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) चढवून ठेवलेला असतो. दक्षिणेकडच्या प्रवाहाच्या पोटाखालून एक उलटा, उत्तरेकडे जाणारा प्रवाहही वाहतो आणि तो आधीच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी घेऊन येतो.

त्यावर झाकण बसतं ते पावसाचं. नद्यांचं आणि पावसाचं हलकं पाणी पाच-दहा मीटरचा थर करून पसरतं. वरची हवा खाली मिसळत नाही, वरून मेलेले प्लवंग मात्र खाली पडतात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातात. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं पाणी मोजलं. पश्चिम किनाऱ्याच्या या मंचावरचं ऑक्सिजनहीन पाणी किती तीव्र होतं ते एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली जगापुढे मांडलं. सर्वांत वाईट महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण माझ्या डोक्यात तो खोल समुद्राचा विषय होता, तात्यांच्या बंदराचा नव्हता.

रायगड-मुंबईकडच्या वाचकांना इथे सावध करतो. हा हिशोब तसाच उचलू नका. मुंबईसमोर उथळ मंच जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे, गोव्याकडे त्याच्या साधारण एक तृतीयांश. तिकडे थंड पाण्याला लांबून यावं लागतं आणि चार-पाच मीटरची भरती-ओहोटी पाणी घुसळून काढते. तुमच्याकडे मासे मेले तर आधी नाल्यांकडे बघा.

आणि काठाला साचलेली कोळंबी? अमेरिकेत अलाबामाच्या मोबाइल बेमध्ये उन्हाळ्यातल्या काही पहाटे असंच घडतं. मंद पूर्वेचा वारा, चढती भरती, आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्याने हाकललेले खेकडे, कोळंबी, चपटे मासे काठाला येतात. तिथले लोक त्याला ‘जुबिली’ म्हणतात आणि टोपल्या घेऊन धावतात. आमच्या गावात परातीच होत्या, एवढाच फरक.

काय वेगळं करता आलं असतं

हलवायचा निर्णय चुकला, पण त्याहून पुरावा गोळा करण्याची पद्धत चुकली. तळाचं एक माप हाती असतं तर वाद झालाच नसता, कारण अनंत चतुर्दशीलाही बंदराबाहेर खाली थंड पाणी असणारच. ताईंचा ‘एकच पिंजरा’ हा पर्याय आम्ही राखणीच्या खर्चावर मोडीत काढला. आता आकडे समोर ठेवले तर पंधरा दिवसांची राखण पाचव्या पिंजऱ्याच्या किमतीपुढे काहीच नव्हती.

राखणदाराने ‘गार लागतं’ सांगितलं तो दिवस मी गमावला. त्या दिवशी पाचही पिंजऱ्यांचे तळ वर घेता आले असते, उजेडही होता. शिंपल्या आधीच काढलेल्या असत्या तर पाचवाही वाचला असता, पण ते काम दर महिन्याचं होतं आणि गणपतीत कोण करतो.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. काढून विकलेला पिंजरा. काहींच्या मते तोच खाडीत ओढायला हवा होता, मासे सर्वांत मोठे होते. मला वाटतं मोठा मासा ऑक्सिजनही जास्त खातो, ओढताना तोच आधी मेला असता. याचा निकाल लागणार नाही.

पुढच्या वर्षापासून गटाने साधी पद्धत धरली. तळाशी दगड बांधलेली, बुचाची बाटली. बूच दुसऱ्या दोरीने तळाला उघडायचं, भरली की वर ओढायची आणि स्वयंपाकघरात चालतो तसला थर्मामीटर बुडवायचा. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत थंड पाणी म्हणजे ऑक्सिजन नसलेलं पाणी, हे समीकरण पुष्कळसं खरं ठरतं, आणि थर्मामीटरला बॅटरी किंवा केबल लागत नाही. तळ आणि माथा यांत तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पिंजरे हलवायचे नाहीत. वायव्येचा वारा सलग दोन दिवस झाला की खाद्य निम्मं आणि तळ वर. ऑक्टोबर उलटताना प्रवाह फिरून उत्तरेकडे वाहू लागतो, वरचं उबदार पाणी किनाऱ्याशी दाबलं जातं आणि फरक आपोआप मिटतो. तोवर खाडीतच.

याची किंमतही आहे. त्या वर्षी पिंजरे दिवाळीनंतर बाहेर आले, नाताळला मासा पाऊण किलोवरच अडकला आणि हॉटेलवाल्यांनी दुसरीकडून घेतला. दोन सभासद वैतागून बाहेर पडले. त्या वर्षी सप्टेंबरात वायव्येचा वारा म्हणावा तसा वाहिलाच नाही, म्हणजे बहुधा पिंजरे आधी नेले असते तरी काही झालं नसतं. हे मला दोघांनीही ऐकवलं.

या मापांची वही त्या मासे विकणाऱ्या मावशींकडे असते, होडीतून जाऊन बाटलीही त्याच टाकतात. गेल्या खेपेला मी ती चाळली. सप्टेंबरच्या एका पानावर तळाच्या रकान्यात २४ लिहून त्याभोवती गोल काढला होता. खाली पेन्सिलने: ‘कोळंबी काठाक. सरांक फोन केलो, लागूक नाय. तळ वर घेतले.’